टकळीला नमस्कार पुरे, हिशेब मांडा

एखादा माणूस न थांबता बोलू लागला की आपण म्हणतो, याची टकळी सुरू झाली. टकळी सारखी फिरत राहते एवढे भाषेने लक्षात ठेवले. ती फिरवणाऱ्या हाताला दिवसाकाठी काय मिळाले, हे मात्र भाषेनेही लक्षात ठेवले नाही आणि सरकारी दप्तरानेही नाही. जिल्हा बैठकीच्या या अंकात त्या हाताचा हिशेब मांडायचे आम्ही ठरवले आहे.

बैठकीपुढे कापसाचा भाव आहे, सोयाबीनचा भाव आहे, पीकविमा आहे, कर्ज आहे. मग मध्येच ही टकळी कुठून काढली, असे कार्यकर्ते विचारतील. विचारलेच पाहिजे. आमचे उत्तर असे, की शेतकऱ्याला लुटायची जी रीत आहे तिचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात सोपा धडा टकळीत आहे. कापसाच्या हिशेबात रुई, सरकी, गाठी, वायदेबाजार, आयात असे पन्नास धागे गुंतलेले असतात. टकळीत एकच धागा आहे. तो नीट उलगडला तर बाकीचा गुंता सोडवायला सोपा जाईल.

तीन तऱ्हेचे सूत

मुखेड तालुक्यातल्या साठी उलटलेल्या माणसाला टकळी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पोरांसाठी सांगतो. वीतभर काडी, लाकडाची किंवा लोखंडाची. तिच्या खालच्या अंगाला एक चकती, वरच्या टोकाला आकडा. चिमटीत धरून किंवा मांडीवर घासून तिला गरका द्यायचा आणि लोंबकळत सोडायची. ती फिरते तोवर दुसऱ्या हातातल्या पेळूतून तंतू सोडत जायचे. पीळ वर चढतो आणि तंतूचे सूत होते. हातभर झाले की काडीवर गुंडाळायचे, आकड्यात अडकवायचे, पुन्हा गरका द्यायचा. चरख्यापाशी माणसाला बसावे लागते. टकळी माणसाबरोबर चालते. म्हणूनच मेंढरांमागे, गुरांमागे, बैलांच्या तांड्यामागे चालणाऱ्यांच्या हातात ती होती.

बालाघाटाच्या या माळरानावर तीन तऱ्हेचे सूत निघत असे. पहिले लोकरीचे. मुखेड, कंधार, लोहा या पट्ट्यात धनगर-हटकरांची मोठी वस्ती. दख्खनी मेंढीची लोकर जाड, राठ, काळी-करडी. अंगाला टोचते, पण थंडी-पाऊस दोन्ही झेलते. वर्षातून दोनदा मेंढरे ओढ्याला धुवायची, कातरायची, लोकर रंगावारी वेगळी करायची, पिंजायची, मग कातायची. त्या सुताची घोंगडी खुटेकर धनगर किंवा सनगर विणणार, चिंचोक्याची खळ देऊन ताठ करणार. राखणदाराचे पांघरूण तीच, खळ्यावरचे अंथरूण तीच आणि पावसातली छत्रीही तीच.

दुसरे सूत अंबाडीचे आणि तागाचे. दावी, कासरे, चऱ्हाटे, बाजेची सुतळी हे सारे घरच्या अंबाडीतून निघे. म्हाताऱ्या माणसाने पारावर बसून गप्पा मारता मारता वळायचे ते काम. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहणाऱ्या बंजारा तांड्यांना गोण्या लागत, त्यांचे सूतही असेच हाताने काढलेले असे. तिसरे सूत कापसाचे. ते बहुतेक बायकांच्या हातचे, घरात बसून काढलेले.

आज या तिन्ही सुतांची गत वेगवेगळी आहे. अंबाडीचे सूत संपले. नायलॉनचा दोर स्वस्त मिळतो, पावसात कुजत नाही, शेतकऱ्याने तो घेतला. बांधावरची अंबाडी आता भाजीपुरती राहिली. यात आम्हाला रडण्यासारखे काही दिसत नाही. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही ही म्हण तेवढी मागे उरली. म्हातारपणी दोर वळत बसण्यात कसलेही पुण्य नव्हते. सोय होती, तिच्यापेक्षा चांगली सोय आली.

लोकरीचे तसे नाही. लोकर आजही मेंढीच्या अंगावर दर वर्षी उगवते आणि ती कातरावीच लागते. पण लोकरीला भाव नाही. कातरणाऱ्याची मजुरी लोकरीतून निघत नाही म्हणून ती बांधावर टाकून द्यायची पाळी अनेक ठिकाणी आली आहे. मदतीचे म्हणून, लग्नातल्या आहेराचे म्हणून जे ब्लँकेट गावात येते, ते पानिपतला जुन्या कपड्यांच्या चिंध्या पुन्हा पिंजून केलेले असते किंवा कृत्रिम धाग्याचे असते. मेंढपाळ शहाणा आहे. लोकरीला भाव नाही हे पाहून त्याने लोकर नसलेल्या, मांसाला भरणाऱ्या जातींचे नर कळपात आणले. त्याला आम्ही दोष देत नाही. पण ज्या मेंढीने दुष्काळात शेकडो मैल चालून दाखवले, तिची जात अशी पातळ होत गेली, हा तोटा कोणाच्याही वहीत लिहिलेला नाही.

आणि कापसाचे सूत? त्याची गोष्ट सगळ्यात जुनी आहे आणि धडाही तिच्यातच आहे.

राज्य नको, कातत बस

मराठवाड्यातले तेर हे गाव आज धाराशिव जिल्ह्यात आहे. दोन हजार वर्षांपूर्वी त्याचे नाव तगर. ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रप्रवासाच्या पुस्तकात नोंद आहे की तगरहून जाडेभरडे आणि तलम सुती कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जात असे. त्या कापडातला प्रत्येक तंतू हाताने काढलेला होता. त्या काळी चरखा होता असा पुरावा नाही. इतिहासकार इरफान हबीब यांनी दाखवून दिले आहे की आपल्या देशात चरख्याचा स्पष्ट लेखी उल्लेख येतो तो थेट १३५० सालचा, इसामीच्या ‘फुतूह-उस-सलातीन’ या फारसी काव्यात. आणि हा इसामी कुठला? दिल्लीहून दौलताबादेत येऊन पडलेला, बहमनी दरबारात बसून लिहिणारा. म्हणजे चरख्याची ती पहिली नोंदही आपल्याच दख्खनमधली.

पण ती नोंद कशासाठी झाली ते पाहा. दिल्लीच्या गादीवर बसलेल्या रझिया सुलतानला हा कवी टोमणा मारतो, की बाईने राज्य करू नये, चरखा घेऊन बसावे. चरख्याचा उल्लेख झाला तो बाईला तिची जागा दाखवण्यासाठी. कातणे म्हणजे बाईचे काम, म्हणजे कमी दर्जाचे काम, म्हणजे बिनहिशेबी काम. हे गणित साडेसहाशे वर्षांपूर्वीच पक्के झालेले होते.

एक माग चालू ठेवायचा तर आठ-दहा कातणाऱ्या लागत. विणकराचे नाव झाले. त्याच्या जातीला नाव मिळाले, साळी, कोष्टी, पैठणच्या विणकरांचा तर जगभर लौकिक झाला. त्याला सूत पुरवणाऱ्या आठ-दहा जणींना ना जात, ना पेठ, ना लौकिक. घरोघरच्या विधवा, परित्यक्ता, म्हाताऱ्या, शेतातले काम उरकून रात्री दिव्याशी बसणाऱ्या बायका. कापसाच्या शेतीला जोडून असलेला हा केवढा मोठा धंदा होता, पण धंदा म्हणून त्याची मोजणीच नव्हती.

म्हणून तो बुडाला तेव्हा आवाजही झाला नाही. विलायतेतल्या गिरण्यांचे सूत आले, मग १८५४ साली मुंबईत पहिली कापडगिरणी उभी राहिली, पुढे आपल्या नांदेडात उस्मानशाही मिल आली. कारखान्याच्या सुताने पहिला घाव घातला तो कातणारीवर. विणकर कसाबसा तगला, कारण गिरणीचे सूत विकत घेऊन तो माग चालवू शकत होता. कातणारीने काय घ्यावे? तिच्या हातातले कामच गेले. विणकरांच्या हलाखीवर चौकशी समित्या बसल्या. कातणारी मात्र गुपचूप शेतमजूर झाली. शेतीवर माणसांचा जो बोजा पडला म्हणून आपण ऐकतो, त्यात या लाखो हातांचा वाटा मोठा होता.

माळ्यावरचे चरखे

पुढे गांधीजींनी हाताच्या सुताचा ध्यास घेतला तेव्हा काय झाले ते त्यांनी स्वतःच आपल्या आत्मकथेत सांगितले आहे. साबरमतीच्या आश्रमात माग आले, पण सूत कातून दाखवणारे माणूस काही सापडेना. शेवटी गंगाबेन मजमुदार यांना बडोदे संस्थानातल्या विजापूर गावी चरखे सापडले. आदिलशाहीतले विजापूर ते हे नव्हे. तिथे घरोघर माळ्यावर चरखे पडलेले होते. बायका म्हणाल्या, चरखा खाली काढू. पण पेळू नेमाने कोण पुरवील? आणि आमचे सूत विकत कोण घेईल?

आमच्या मते चरख्याच्या साऱ्या तत्त्वज्ञानात विजापूरच्या बायकांचा हा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे. त्या आळशी नव्हत्या, कला विसरल्या नव्हत्या, परंपरेचा त्यांना कंटाळाही आला नव्हता. कच्चा माल कोण देणार आणि घेणार कोण, एवढेच त्यांनी विचारले. शेतकरी संघटना ज्या भाषेत बोलते तीच ही भाषा. माल पिकवायला आम्ही तयार आहोत, भावाचे बोला.

भावाचे बोलायला मात्र बराच वेळ लागला. १९२४ साली बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले, गांधीजी अध्यक्ष होते. सभासदाने दर महिन्याला दोन हजार वार सूत द्यावे असे ठरले. स्वतः कातायचे नसेल तर दुसऱ्याकडून कातून घेतलेले चालेल, अशी सोयही त्यातच होती. वर्षभरात ती अटही सैल पडली आणि सुताऐवजी चार आणे चालू लागले. पुढाऱ्याला सूत हे व्रत होते. जिच्याकडून तो सूत विकत घेई, तिला ती भाकरी होती. दोघांच्या हातात तीच टकळी, पण अर्थ वेगळा.

१९२५ साली अखिल भारतीय चरखा संघ स्थापन झाला. खादी खपावी म्हणून ती स्वस्त हवी आणि ती स्वस्त ठेवायची तर मजुरी कमी हवी, या चक्रात कातणारी दहा वर्षे अडकली. १९३५ साली गांधीजींनीच हा प्रश्न उभा केला. आठ तास कातणाऱ्याला आठ आणे मिळावेत हे ध्येय त्यांनी मांडले. खादी महाग होईल, खपणार नाही, असे खादीवालेच म्हणू लागले. संघ आठ आण्यांपर्यंत गेला नाही, पण कातणाऱ्याला पोटापुरते वेतन मिळालेच पाहिजे हे तत्त्व त्याने मान्य केले. वर्ध्याजवळच्या नालवाडीत विनोबांनी त्या काळात दिवसभर कातून त्या मजुरीवर जगून पाहिले. भाषण करणाऱ्याने आधी त्या रोजावर जगून दाखवावे, हा पायंडा चांगला होता. पुढे तो कोणी चालवला नाही.

१९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर टकळी शाळेत आली. स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षे सूतकताईचा तास होता. त्या तासाला मोडलेल्या टकळ्या आणि तुटलेल्या सुताच्या गुंतवळ्या आजच्या आजोबांना आठवत असतील. पोरांना टकळीचे गुणगान पाठ झाले. सुताच्या एका गुंडीला किती वेळ लागतो आणि तिचे किती पैसे येतात, हे गणित कोणत्याच गुरुजींनी फळ्यावर मांडले नाही. ते आज मांडू.

फळ्यावरचे गणित

खादीच्या हिशेबात एक गुंडी म्हणजे एक हजार मीटर सूत. दहा नंबरचे जाडसर सूत धरले तर एक किलो रुईतून सुमारे सतरा हजार मीटर सूत निघते, म्हणजे सतरा गुंड्या. चांगल्या सरावाच्या हाताने टकळीवर तासाला दीडशे मीटर सूत निघते असे धरू. एक किलोला एकशे तेरा तास लागले. रोज आठ तासांप्रमाणे चौदा दिवस. पिंजण्याचा आणि पेळू करण्याचा वेळ यात धरलेला नाही.

आता पैसे. खादी आयोगाने कातणाऱ्याचा दर २०२३ साली गुंडीला साडेसातवरून दहा रुपये केला, २ ऑक्टोबर २०२४ पासून साडेबारा आणि १ एप्रिल २०२५ पासून पंधरा रुपये. वाढ झाली, ती चांगलीच झाली. पंधराच्या दराने सतरा गुंड्यांचे दोनशे पंचावन्न रुपये. चौदा दिवसांचे! दिवसाला अठरा रुपये. २०२५-२६ या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीचा रोज तीनशे बारा रुपये होता. त्या दराने चौदा दिवसांचे चार हजार तीनशे अडुसष्ट होतात.

हा दर टकळीसाठी नाही, चरख्यासाठी आहे, असे कोणी म्हणेल. खरे आहे. एका वेळी आठ चात्या फिरवणाऱ्या चरख्यावर तेवढ्याच वेळात कितीतरी पट सूत निघते, म्हणून तिथे काही रोज सुटतो. म्हणजे टकळीवर कातणारीचे सूत बाजाराने यंत्राच्या मापाने मोजले. गिरणीचे सूत तर तिच्या रास्त मजुरीच्या दहाव्या हिश्श्याहूनही स्वस्त पडते. तेव्हा पोट भरण्यासाठी कोणी कापूस टकळीवर कातावा, असा उपदेश आम्ही कोणत्याही मायबहिणीला करणार नाही. जो करील त्याने आधी चौदा दिवस बसून एक किलो कातून दाखवावे.

याच किलोभर रुईतली शेतकऱ्याची बाजूही पाहू. एक किलो रुईला साधारण तीन किलो कापूस लागतो. २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये जाहीर झाला. म्हणजे तीन किलोंचे दोनशे एकतीस रुपये, आणि त्यात दोन किलो सरकीही गेली. त्यातून बियाणे, खत, फवारणी, वेचणी वजा करा. हमीभाव सर्वांना मिळालाच असेही नाही. त्याच वर्षी १९ ऑगस्टला केंद्र सरकारने कापसावरचे अकरा टक्के आयातशुल्क उठवले आणि आधी सप्टेंबरअखेरची मुदत पुढे ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत नेली. नेमका आपला माल बाजारात यायचा हंगाम. पेरणारा आणि कातणारी, दोघांचीही कूस अशी एकाच तऱ्हेने काढली जाते.

फरक एवढाच, की शेतकऱ्याच्या उत्पादन खर्चात घरच्या माणसांच्या मजुरीचा रकाना तरी आहे. त्यात आकडा किती धरायचा, यावर आपण पिढ्यानपिढ्या भांडत आहोत. कातणारीसाठी तो रकानाच कधी आखला गेला नाही. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले, तेव्हा घरातल्या आणि शेतातल्या बाईच्या बिनमोजलेल्या श्रमाचा प्रश्न चळवळीच्या व्यासपीठावर आला. टकळी हा त्याच प्रश्नाचा सगळ्यात जुना पुरावा आहे.

झेंड्याचे कापड

सुतावरून स्वर्ग गाठणारे पुष्कळ असतात. आपण सुतावरून दिल्ली गाठू.

२२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने राष्ट्रध्वज ठरवला. मधला चरखा जाऊन अशोकचक्र आले, पण ध्वजाचे कापड हाताने कातलेले आणि हाताने विणलेलेच असावे हा दंडक राहिला. त्या वेळी मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली माणसे तिरंग्यासाठी तुरुंगात जात होती. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मोकळा झाला. त्याच मराठवाड्यात आज नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वज तयार करते आणि त्याची खादी उदगीरच्या केंद्रात तयार होते. देशात असे काम करणाऱ्या संस्था हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. ते सूत टकळीवरचे नव्हे, चरख्यावरचे आहे. पण हाताचे आहे, आणि त्यावर मजुरी मिळवणाऱ्या बायका आपल्याच जिल्ह्यांतल्या आहेत.

२००२ च्या ध्वजसंहितेतही हातकताईची अट कायम होती. ३० डिसेंबर २०२१ रोजी ती बदलली. यंत्रावरचे आणि पॉलिएस्टरचे कापडही चालेल असे ठरले. २०२२ च्या ऑगस्टमध्ये घरोघरी तिरंग्याची मोहीम झाली, तेव्हा गावोगाव पोहोचलेले झेंडे बहुतेक पॉलिएस्टरचे होते.

याची दुसरी बाजूही आम्हाला कळते. मजुराच्या झोपडीवर झेंडा लागायचा तर तो स्वस्त हवा. शंभर टक्के घरांवर हाताच्या सुताचा झेंडा लावायला तेवढे हात नाहीत आणि गरिबाजवळ तेवढे पैसेही नाहीत. सक्तीने माल खपवणे आमच्या चळवळीला कधी मानवलेले नाही. तेव्हा घरावर कोणता झेंडा लावायचा ते ज्याने त्याने ठरवावे. पण जिल्हाधिकारी कचेरी, जिल्हा परिषद, तहसील, पंचायत समिती, सरकारी शाळा यांचे काय? तिथे गिऱ्हाईक सरकार आहे. खादीच्या नावाने दर २ ऑक्टोबरला पुष्पहार घालणाऱ्या सरकारने आपल्या कचेरीवरचा झेंडा तरी हाताच्या सुताचा विकत घ्यावा आणि त्याचे पुरे पैसे मोजावेत. पॉलिएस्टर शेतात पिकत नाही, एवढे तरी झेंड्याखाली उभ्या राहणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

मग मागणी काय?

संघटना चरखावादी झाली काय, असे आमचे तरुण कार्यकर्ते हसून विचारतील. नाही झाली. शेतकऱ्याला हवे ते बियाणे, हवे ते यंत्र, हवा तो दोर घेण्याचे स्वातंत्र्य असलेच पाहिजे. यंत्राने टकळीला हरवले यात लूट नाही. लूट आहे ती वेगळ्या ठिकाणी. माल हाताचा म्हणून मिरवायचा, हाताची गोष्ट सांगून शहरात चढा भाव घ्यायचा आणि हाताला मात्र यंत्राचा भाव द्यायचा, ही ती लूट. हातकताईच्या घोंगडीला आज पुण्या-मुंबईत हजारो रुपये मोजणारे गिऱ्हाईक आहे. देशोदेशी हौसेने टकळी फिरवणारे, राठ लोकरीचेही मोल जाणणारे लोक आहेत. ही संधी खोटी नाही. पण त्या हजारांतले मेंढपाळाच्या आणि कातणारीच्या पदरात किती पडले, हे विचारल्याशिवाय तिला संधी म्हणता येत नाही.

म्हणून बैठकीपुढे आम्ही चार गोष्टी ठेवतो.

पहिली, लोकरीची. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचे प्रक्षेत्र आपल्या मुखेडलाच आहे. कातरणीच्या हंगामात तिथे लोकर रंग आणि प्रत पाहून वेगळी करावी, वजन करावे आणि तिचा उघडा लिलाव व्हावा. सरकारने सारी लोकर विकत घ्यावी असे आमचे म्हणणे नाही. हमीभावाच्या बावीस पिकांत लोकर नाही, ती घुसडून काही साधेल असेही वाटत नाही. पण जिथे बाजारच नाही तिथे भाव कसा निघणार? दहा व्यापारी एका जागी आणावेत, एवढे सरकारला जमण्यासारखे आहे.

दुसरी, नावाची. हाताने कातलेल्या सुताची नसलेली घोंगडी हातकताईची म्हणून विकू नये. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोंगड्यांची दुकाने लागत आली आहेत. तिथूनच सुरुवात करावी. लोकर कुठली, कातली हाताने की गिरणीत, विणली कोणी, एवढी चिठ्ठी घोंगडीला असावी. गिऱ्हाईक शहाणे असते. त्याला खरे सांगितले तर ते खरे दाम देते.

तिसरी, झेंड्याची. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या सरकारी कचेऱ्यांवर आणि शाळांवर हाताच्या सुताचाच झेंडा असावा, असा ठराव ग्रामपंचायतींनी आणि जिल्हा परिषदांनी करावा. झेंडा तयार होतो आपल्याच भागात. काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला?

चौथी, प्रशिक्षण वर्गांची. बायकांना जमवून टकळ्या किंवा चरखे वाटायचे, फोटो काढायचे आणि निघून जायचे, असले वर्ग गावात घेऊ देऊ नयेत. वर्ग घेणाऱ्याला विजापूरच्या बायकांचे प्रश्न विचारावेत. पेळू कोण देणार, सूत कोण घेणार? आणि आपला एक प्रश्न त्यांना जोडावा, आठ तासांचे किती? उत्तर लेखी मिळाले तर खुशाल शिकावे. आवडीने ज्याला टकळी फिरवायची त्याने अवश्य फिरवावी, तो आनंद आहे. पण आनंदाचे नाव सांगून मजुरी बुडवू नये.

या चार गोष्टी मागायच्या तर आपल्या हातात आकडे हवेत. आजवर आपण कापसाचा एकरी खर्च मांडायला शिकलो, कारण तो मांडल्याशिवाय दिल्लीशी भांडता येत नाही हे आपल्याला कळले. आता मुखेड, कंधार, लोहा, देगलूर, उदगीर, अहमदपूर या तालुक्यांतल्या प्रत्येक शाखेने एकेका घोंगडीचा खर्च मांडावा. मेंढ्या किती, लोकर किती निघाली, कातरणीचे किती दिले, पिंजायला किती दिवस, कातायला किती तास, विणायला किती, खळीचा खर्च किती, विकली कितीला. कातणारी माउली असेल तिच्याजवळ बसून, घड्याळ लावून लिहावे. तिचे वय, तिचे गाव लिहू नये, पण तिचे तास अचूक लिहावेत. हे कागद पुढच्या जिल्हा बैठकीला येताना बरोबर आणावेत.

शेतकऱ्याला अन्नदाता म्हणतात, कातणारीला माउली म्हणतात. हे शब्द जड झाले की पैशाचे बोलणे हलके वाटू लागते आणि मग भाव मागणाराच लोभी ठरतो. आपल्याला जोडलेले हात नकोत. चौदा दिवसांच्या कामापुढे किती रुपये लिहायचे, हे त्या रकान्यात लिहून हवे आहे.